करवत आणि त्याचं एकुलतं एक गाणं

त्याचा आवाज चांगला आहे असं कुणी म्हटलेलं मी आजवर ऐकलं नाही. त्याची आई म्हणायची, "हा गायला लागला की दूध झाकून ठेवावं लागतं." लाकडात गाठ लागली की करवत जशी अडते, किंचाळते आणि मग एकदम सुटते, तसा त्याचा आवाज वरच्या पट्टीत जायचा. म्हणून तो करवत. कॉलेजात पडलेलं हे नाव त्याला असं चिकटलं की लग्नात सासऱ्यांनीही "या करवतराव" म्हणून पुढे होऊन स्वागत केलं, आणि मग जीभ चावली.

आमचा बँड होता. नाव 'गंज'. करवत गायचा आणि बेस वाजवायचा. गिटारवर बोट्या. त्याची बोटं लांब, सडपातळ, आणि तारांवर अशी पळायची की बघणाऱ्याला धाप लागावी. ड्रमवर मी. मला ठोक्या म्हणतात. पुढे मी फोटोंच्या फ्रेमा करायचं दुकान टाकलं, दिवसभर खिळे ठोकू लागलो, तेव्हा हे नाव आणखीच शोभलं.

'गंज' फार मोठा झाला नाही. छोटाही नीट झाला नाही. स्नेहसंमेलनं, एकदोन वाढदिवस, एका फर्निचरच्या दुकानाचं उद्घाटन. त्या उद्घाटनात मध्येच वीज गेली आणि आम्हाला त्या संध्याकाळच्या पहिल्या टाळ्या पडल्या. मग ज्याचा तो पोटापाण्याला लागला. बोट्या मोठ्या शहरात गेला, जाहिरातींना चाली लावू लागला, गाडी-बंगल्याचा धनी झाला. करवत लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत लागला. हातात पाना, कमरेला पट्टा, खिशात कायम कळकट फडकं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी तो बाहेरून बोलत राहायचा. आतली बाई रडत असली तरी हा म्हणायचा, "बाई, तुम्ही एकट्याच आहात ना आत? मग ऐसपैस बसा की." आणि आतून हसू यायचं. दार उघडायच्या आधी माणूस मोकळा झाला पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

त्याच्या सगळ्या जगात एकच माणूस त्याच्या गाण्याच्या बाजूनं होतं. त्याची थोरली बहीण. तो तिला ताई म्हणायचा, बाकी गाव सिस्टर म्हणायचं, कारण ती हॉस्पिटलात नर्स होती. कायम झालेली नव्हे, कंत्राटावरची. वर्षाच्या शेवटी जीव टांगणीला लागायचा, पुन्हा घेतात की नाही. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत दुसरीकडे संसार मांडून बसला होता. पदरात एक मुलगी. पण बाईच्या तोंडावर रडगाणं कधी नसायचं. 'गंज'चा एकही कार्यक्रम तिनं चुकवला नाही. पहिल्या रांगेत बसायची, दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून. करवत चिडायचा. "ताई, बोळे घालून येतेस तर येतेसच कशाला?" ती म्हणायची, "अरे, मी तुला बघायला येते. ऐकायला ही एवढी माणसं आलीत ना!" मागे वळून बघावं तर माणसं सातआठ.

मग ती साथ आली. रस्ते ओस पडले, दुकानांची शटरं खाली आली. माझं दुकान मात्र मागच्या दारानं चालू राहिलं. बोलायलाही जीभ रेटत नाही, पण त्या काळात माझ्याइतका धंदा गावात दुसऱ्या कुणाचा झाला नसेल. लोक फोनवर फोटो पाठवायचे. कुणाचा लग्नातला, कुणाचा ओळखपत्रावरचा, कुणाचा सहलीतला, ज्यात शेजारच्या माणसाचा हात खांद्यावर राहून गेलेला. तो हात पुसायचा, चेहरा मोठा करायचा, काच बसवायची आणि दाराबाहेर ठेवायचं.

करवतला कामावर जायचा पास होता. हॉस्पिटलच्या लिफ्टा बंद पडून चालणार नव्हत्या. खाटा, सिलिंडर आणि झाकलेली माणसं, सगळं त्यांतूनच वर-खाली व्हायचं. त्यामुळे हॉस्पिटलातच मुक्काम असलेल्या ताईला बघू शकणारा घरातला तो एकटाच. तिच्या मजल्यावर काचेचं दार होतं. हा अलीकडे पाना घेऊन उभा, ती पलीकडे नखशिखांत गुंडाळलेली. मग ती फोन लावायची आणि काचेतून एकमेकांकडे बघत दोघं फोनवर बोलायची.

एकदा त्यानं पाहिलं, तिच्या मास्कचा निळा रंग उडून राखाडी झालेला. नाकावरची पट्टी मोडलेली, तिला दोरा बांधलेला.

"हे काय ताई? नवा नाही दिला?"

"मेट्रनबाईंना विचारलं. म्हणाल्या, कंत्राटवाल्यांना आठवड्याला एकच. धू, वाळत घाल."

"अगं, पण तो धुवायचा नसतो ना?"

"नसतोच. पण त्यांना कोण सांगणार? बोललं की पुढच्या यादीत नाव गायब." आणि ती हसायला लागली. काचेमागे खांदे हलताना त्याला दिसले.

'धू, वाळत घाल' हा मग त्यांच्या घरातला विनोदच झाला. भाची तेव्हा शेजारणीकडे जेवायची, ती कुरकुरली की मला आवडत नाही ही भाजी, ताई फोनवरून म्हणायची, "धू, वाळत घाल." करवतच्या बायकोनं म्हटलं, या दोन खोल्यांत दिवसभर कोंडून कसं राहायचं, तर हा म्हणायचा, "धू, वाळत घाल." हसायला काही लागत नव्हतं तेव्हा. कशावरही हसून घ्यायचो.

ताईला ताप आला तेव्हा तिला तिच्याच हॉस्पिटलात खाट मिळेना. मिळाली तेव्हा ती आपल्याच वॉर्डात, आपल्या हातानं चादर घातलेल्या खाटेवर जाऊन पडली. करवतनं त्या दिवसांत त्या इमारतीतली लिफ्ट गरज नसताना कितीदा तरी तपासली. काचेशी उभा राहायचा. आठवडाभरात ती गेली. शेवटचं तिला त्याच लिफ्टनं खाली आणलं. करवत तेव्हा वरच्या मशीनच्या खोलीत होता. त्यानं मला एवढंच सांगितलं, "दोर हलला ना, तेव्हा कळलं मला."

हॉस्पिटलनं कळवलं, संसर्ग बाहेरून झाला असावा. कंत्राटी माणसाची जबाबदारी कंत्राटदाराची. कंत्राटदारानं फोन उचलला नाही. करवत मेट्रनबाईंना भेटायला गेला, तर त्या काचेपलीकडून हात जोडून म्हणाल्या, "आमचीच माणसं पटापट चाललीत हो, मी तरी काय करू?" त्यांच्या तोंडावरचा मास्क नवाकोरा होता की नाही हे मला माहीत नाही. करवत म्हणतो होता. त्यांच्याही डोक्यावर कुणी बसलेलं असणारच. पण माणसाचं दुःख इतक्या वर चढून जात नाही. समोर जो दिसतो त्याच्यावरच बसतं.

भाची मामाकडे राहायला आली. दहावी नुकतीच झालेली, शांत मुलगी. आली तशी कपाटाशी बसली आणि आपले कपडे मामेभावाच्या कपड्यांशेजारी घड्या घालून ठेवू लागली. रडली नाही. मामी म्हणाली, "रड गं बाई." ती म्हणाली, "रडते नंतर."

गाणं त्यानंतर आलं. करवत माझ्या दुकानाच्या मागच्या दाराशी उभा राहिला आणि मास्क न काढताच म्हणू लागला. आधी मला वाटलं, तो भांडतोय.

नाक झाकलं, तोंड झाकलं, झाकलं तुमचं पाप —
धू, वाळत घाल!
सकाळी तिचा घसा दुखला, संध्याकाळी ताप —
धू, वाळत घाल!
खाट रिकामी, हात रिकामे, आता कुणाची पाळी?
दोरीवरती अजून हलते तिची चिंधी निळी —
धू, वाळत घाल!

माझ्या हातातली हातोडी हातातच राहिली. इतकी वर्षं आम्ही वाजवलं. पण दुसऱ्यांची दुःखं उसनी घेऊन ओरडत होतो, हे तेव्हा कळलं.

बोट्याला फोन लावला. त्याला ताई माहीत होती. तिच्या हातचं जेवला होता तो. ऐकून म्हणाला, "माझ्याकडे एक जुनी चाल पडलीय. तिच्यावर हे बसेल. करू या. तिच्यासाठी करू या." आणि त्या क्षणी तो खरं बोलत होता. बोट्याबद्दल पुढे जे सांगायचं आहे ते सांगेनच, पण तेव्हा त्याचाही आवाज भरून आला होता, हे लपवून ठेवणं बरोबर नाही.

एका खोलीत जमायची सोय नव्हती, म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या जागी वाजवायचं ठरलं. बोट्यानं गिटार आपल्या स्टुडिओत वाजवून पाठवली आणि कुरियरनं आम्हाला मायक्रोफोन धाडले. मी दुकानात ड्रम मांडले. पहिलाच ठोका मारला आणि भिंतीवरच्या सगळ्या काचा खणखणल्या. तयार झालेल्या फ्रेमा होत्या त्या. एकेक चेहरा खाली उतरवला, गोधडीत गुंडाळला, शेजारच्या खोलीत निजवला आणि मग वाजवलं. असं मी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. वाजवताना बाजूच्या खोलीत माणसं झोपलीत असं सारखं वाटत होतं.

राहिला करवतचा आवाज. घरी गाणं शक्यच नव्हतं. शेजारी दाराला कान लावून असायचे, कोण खोकतंय का ते ऐकायला. आणि भाचीसमोर त्याला ते ओरडायचं नव्हतं. शेवटी त्यानं एक बंद पडलेली ऑफिसची इमारत शोधली, जिथली लिफ्ट त्याच्या देखभालीत होती. तळमजल्याच्याही खाली, लिफ्ट येऊन टेकते तिथे एक खड्डा असतो. चारी बाजूंना सिमेंट, वर मजल्यांमागून मजले पोकळी. त्यानं लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकवून ठेवली, दोन्ही खटके पाडले, मला शिडीवरून खाली उतरवलं.

"वरून खाली आली तर?" मी विचारलं.

"तर तुझी फ्रेम कोण करणार, हा प्रश्न आहे," तो म्हणाला.

खाली तेलाचा आणि ओल्या धुळीचा वास. मी मायक्रोफोन धरून एका कोपऱ्यात दबून उभा. कानातल्या यंत्रात ड्रम आणि गिटार सुरू झाली आणि करवतनं मास्क हनुवटीखाली ओढला. पहिली ओळ त्यानं हळू म्हटली. दुसरीला आवाज गाठीवर अडला, आणि मग सुटला. तो वर गेला, कुठल्या तरी मजल्यावर आपटला आणि आमच्या अंगावर परत आला. 'धू, वाळत घाल' तो एकदा ओरडायचा, आणि ती पोकळी पुन्हा पुन्हा, विझत विझत तेच म्हणायची. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज फाटला. सूर नव्हताच तो. मी मायक्रोफोन बंद करायला विसरलो. त्याचं खोकणं, नाक ओढणं, शिडीला डोकं टेकून उभं राहणं, सगळं त्यात आलं.

"पुन्हा घ्यायचं?" मी विचारलं.

"ताई पुन्हा मरणार आहे का?" तो म्हणाला आणि वर चढू लागला.

बोट्यानं सगळं जोडलं. व्हिडिओवर ऐकवलं तेव्हा तो खूश होता. खुर्चीत पुढे-मागे झुलत होता. "ते 'धू, वाळत घाल' आहे ना, ते डोक्यातून जातच नाही रे! माझा ड्रायव्हरसुद्धा गुणगुणतो. ते मी पुढे आणलंय. त्याच्यावर टाळ्या टाकल्यात." मधलं एक कडवं त्यानं कापलं होतं. फाटलेला आवाज यंत्रानं सांधला होता, घासूनपुसून लख्ख केला होता. माझ्या ड्रमखाली त्यानं आणखी एक मशीनचा ठेका घातला होता, जो ऐकला की पाय आपोआप हलावा.

करवत म्हणाला, "जरा जास्त स्वच्छ झालंय."

"अरे, फोनवर ऐकतात लोक. घाण आवाज कोण ऐकेल? शब्द तर तुझेच आहेत ना? लोकांपर्यंत पोचलं तर त्या मेट्रनपर्यंत पोचेल." हे शेवटचं करवतला पटलं. गाणं बोट्याच्या खात्यावरून निघालं. कव्हरवर निळं फडकं दोरीवर, खाली 'गंज'.

आठवडाभर काहीच झालं नाही. लिफ्ट कंपनीतल्या साहेबानं अंगठा पाठवला, सासऱ्यांनी हात जोडलेले पाठवले. आणि मग एका सकाळी आकडा फुगायला लागला. करवत मला दर थोड्या वेळानं फोन करायचा. "हजार झाले." "ठोक्या, बघ, बघ!" मग त्यानं मोजणं सोडलं, कारण मोजेपर्यंत वाढलेलं असायचं. मला वाटतं, ताई गेल्यापासून तो पहिल्यांदाच पोटभर जेवला. आयुष्यभर ज्यानं सातआठ माणसांसमोर घसा फोडला, त्याला आज सगळी दुनिया ऐकत होती. तो माणूसच होता, त्याला आनंद झाला. त्या आनंदात तो भाचीला म्हणाला, "बघ, तुझ्या आईचं गाणं घराघरात गेलंय. आता सगळ्यांना कळलं काय झालं ते."

भाची म्हणाली, "मामा, तू बघितलं नाहीस का?"

"काय?"

तिनं आपला फोन त्याच्यापुढे धरला. वहिनी, म्हणजे करवतची बायको, तिथेच होत्या, त्यांनीच मला हे सांगितलं. फोनवर एक जोडपं गच्चीत नाचत होतं. 'धू' म्हटलं की दोन्ही हात चोळायचे, 'वाळत' म्हटलं की कंबर हलवायची, 'घाल' म्हटलं की दोरीवर टाकल्यासारखे हात वर. नवरा बनियनवर, बायको त्याच्यावर बादली उपडी करत होती. बोट सरकवलं, दुसरं. एक आजोबा नातवाबरोबर. पुढे एका ऑफिसातली माणसं, सगळी एकसारखे टी-शर्ट घालून. मग कुत्र्याला टॉवेलमध्ये गुंडाळून कुणीतरी. सगळीकडे तोच तुकडा. कडवं कुठेच नव्हतं. घरात कोंडून पडलेल्या लोकांना धुण्याचं गमतीदार गाणं मिळालं होतं.

"माझ्या वर्गातल्या मुली पण पाठवतात," भाची म्हणाली. "त्यांना माहीत नाही. म्हणतात, तू पण कर ना, सोपं आहे."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, मला नाच येत नाही." आणि फोन उपडा ठेवून ती म्हणाली, "काढून टाक ना मामा."

करवतनं बोट्याला फोन केला. मीही जोडलेला होतो. बोट्या समजावत राहिला. आता काढून उपयोग काय, लोकांच्या फोनमध्ये गेलंय ते. सुटलेला बाण आहे. आणि लोक हसताहेत तर वाईट काय? या दिवसांत कुणी हसतंय का? "ताईला तर हसायला किती आवडायचं!"

"ताईचं नाव घेऊ नकोस," करवत म्हणाला.

"मग काय करू? लोकांना कॉलर धरून रडायला लावू?"

करवतनं फोन ठेवून दिला. 

थोड्याच दिवसांत कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात आली. चाल तीच, ठेका तोच. 'धू, वाळत घाल, शुभ्रता बघ!' करवतचा आवाज नव्हता त्यात, कुणी गोड गळ्याची मुलगी होती. चाल बोट्याची, त्यामुळे विचारायचा प्रश्नच आला नाही, असं बोट्याचं म्हणणं. त्यानं करवतला त्याचा वाटा देऊ केला. करवतनं त्याला जी शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही, पण आमच्या बँडच्या सगळ्या गाण्यांत मिळून तेवढा जोर नव्हता. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

साथ ओसरली. माणसं पुन्हा तोंडं दाखवू लागली. आणि हॉस्पिटलनं कर्मचाऱ्यांच्या कौतुकाचा समारंभ ठरवला. पावडरवाल्या कंपनीनं मंडप दिला. कुणाला तरी कळलं की ते गाजलेलं गाणं गाणारा आपला लिफ्टवालाच आहे, आणि करवतला बोलावणं आलं.

वहिनी म्हणाल्या, जाऊ नका. मीही म्हणालो, कशाला जखमेवरची खपली काढतोस. करवत म्हणाला, "मेट्रन समोर बसणार आहे. पूर्ण गाणं म्हणणार. कापलेलं कडवंसुद्धा. ज्यांच्यासाठी लिहिलंय, त्यांच्यासमोर एकदा तरी म्हणू दे मला." भाचीला त्यानं ये म्हटलं. तिनं मान हलवली, नाही.

मी ड्रम घेऊन गेलो. गिटारवर लिफ्ट कंपनीतला एक जण उभा केला होता. मंडपात पुढच्या रांगेत डॉक्टर, साहेब लोक आणि मेट्रनबाई. मागे नर्सा, वॉर्डातल्या आया, सफाईवाले. आधी गेलेल्या कर्मचाऱ्यांची नावं वाचली. कायम असलेल्यांची. ताईचं नाव आलं नाही. करवतनं माइक घट्ट धरला, मला खूण केली आणि सुरू झाला.

लिफ्टच्या खड्ड्यात गायला होता, त्याहूनही तो वाईट गायला. म्हणजे, त्याहूनही खरा गायला. एकेक शब्द सुटा, स्वच्छ. 'झाकलं तुमचं पाप' म्हणताना तो सरळ मेट्रनबाईंकडे बघत होता. आणि 'धू' आला तेव्हा सगळा मंडप एका आवाजात 'धू!' म्हणाला आणि हात चोळू लागला. 'वाळत घाल!' सगळे हात वर. डॉक्टर हसत होते. फोन उंच धरले गेले. मेट्रनबाईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग त्यांनीही लाजत लाजत हात वर केले आणि न दिसणाऱ्या दोरीवर न दिसणारं काहीतरी टाकलं. करवत ओरडत होता आणि तो जितका जोरानं ओरडे तितका मंडप खूश होत होता. कापलेलं कडवं त्यानं म्हटलं. ते टाळ्यांत वाहून गेलं. मला ठेका थांबवता येईना. मी थांबलो असतो तर तो उघडा पडला असता.

संपल्यावर मंडपामागे एक वयस्क आया आमच्याजवळ आली. हात पुसत पुसत, खालच्या आवाजात म्हणाली, "सिस्टरचं गाणं ना हे? आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. मास्क तर आमच्या दोरीवरच वाळायचे."

"मग तुम्ही पण नाचलात?" करवत म्हणाला.

"नाचावं लागतं बाबा. हात खाली ठेवले असते तर दिसले असते ना." आणि ती घाईनं निघून गेली, कारण मेट्रनबाई येत होत्या.

त्या आल्या, करवतसमोर उभ्या राहिल्या. त्यांना सगळं कळलं होतं. डोळे सांगत होते. क्षणभर मला वाटलं, आता ही बाई काहीतरी बोलेल, किंवा हा तरी बोलेल. त्या म्हणाल्या, "छान झालं. तुमच्या ताई असत्या तर त्यांना फार आवडलं असतं."

करवतचे ओठ हलले. एवढ्या महिन्यांत आरशासमोर, लिफ्टच्या टपावर, अंथरुणात त्यानं या बाईला काय काय ऐकवलं असेल! तो म्हणाला, "थँक्यू, मॅडम."

तिथून आम्ही टेम्पोत बसलो. तो सगळा रस्ता बाहेर बघत राहिला. घराच्या वळणावर एकदाच म्हणाला, "तोंडातून गेलं रे." त्यानंतर तो गायला नाही. बेस विकला की कुणाला दिला, मी विचारलं नाही. लिफ्टा दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांशी आता फार बोलत नाही. "थांबा, उघडतोय" एवढंच. गाणं अजून कधीमधी वाजतं कुठेतरी, पण नव्या गाण्यांवर नवे हातवारे आलेत, लोक विसरत चाललेत. ते वाजतं याचा त्याला त्रास होतो, आणि लोक विसरताहेत याचाही होतो.

भाची शिकली. मागच्या उन्हाळ्यात तिला दूरच्या गावी प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिला सोडायला आम्ही बसस्टँडवर गेलो. मामीच्या गळ्यात पडून झालं, माझ्या पाया पडून झालं. मग ती मामासमोर उभी राहिली. बस सुरू होऊन घरघरत होती.

"मामा, एक विचारू? तू त्या दिवशी मेट्रनबाईंना थँक्यू का म्हणालास?"

करवतनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला सांगितलं नव्हतं. कुणीतरी आया भेटली असेल.

"सवय गं," तो म्हणाला. "आपल्या लोकांच्या तोंडात बसलेलं असतं ते."

 "मीही म्हणाले होते," ती म्हणाली. "आई गेल्यावर त्यांनी तिची पिशवी गेटवर माझ्या हातात दिली ना. चष्मा, चप्पल, डबा. तेव्हा मीही थँक्यू म्हणाले होते. कुणाला सांगितलं नाही."

कंडक्टरनं हाक मारली. ती चढली, खिडकीची जागा मिळाली नाही, त्यामुळे हात हलवताना दिसली नाही. बस निघून गेल्यावर आम्ही जरा वेळ तिथेच उभे राहिलो. मग करवतचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत दोन माणसं अडकली होती. "येतो," म्हणाला आणि रिक्षा बघायला रस्त्याच्या पलीकडे गेला.